हरलेल्या बाजूचे कागद

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातले न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन यांच्याकडे एक जुनी दौत होती. सरन्यायाधीश रॉजर टॉनी यांनी १८५७ साली ड्रेड स्कॉट खटल्याचा निकाल लिहिला तो याच दौतीतल्या शाईने, असे सांगितले जाई. कृष्णवर्णीय माणूस गुलाम असो की मुक्त, तो अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही, असे सांगणारा तो निकाल. पुढे यादवी युद्ध झाले, गुलामगिरी गेली. १८६८च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने जन्मावरून नागरिकत्व आणि कायद्याचे समान संरक्षण दिले. उतारगृहे, आगगाड्या, नाटकगृहे यांत वर्णावरून कोणाला अडवू नये, असा कायदाही १८७५ साली झाला. १८८३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातली ही मुख्य कलमेच रद्द केली, आठ विरुद्ध एक मताने. तो एक म्हणजे हार्लन. भिन्नमत लिहायला ते बसले खरे, पण लेखणी पुढे सरकेना. त्यांच्या पत्नी मालविना यांनी ठेवणीतली ती दौत काढली, घासूनपुसून शाई भरून टेबलावर मांडली, आणि मग लिखाण सरसर झाले. ही आठवण त्यांनीच लिहून ठेवली आहे.

गोष्ट जरा नाटकी आहे, आणि नवऱ्याबद्दल बायकोने सांगितलेली असल्याने तिला थोडी सूटही द्यावी लागते. हार्लन काही जन्मजात समतावादी नव्हते. केंटकीतल्या गुलाम बाळगणाऱ्या घरातले. गुलामगिरी संपवणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीला त्यांनी एके काळी विरोधही केला होता. पण मला या प्रसंगाचे महत्त्व वाटते ते दुसऱ्याच कारणाने. अमेरिकेतल्या नागरी हक्कांच्या लढ्याच्या तारखा आपल्याला ठाऊक असतात त्या विजयाच्या: १८६३ची मुक्तीची घोषणा, १९५४चा शाळांचा निकाल, १९६४चा कायदा. समतेचा विचार मुळात घडला कुठे, हे पाहायला गेले तर मात्र बहुतेकदा हाती लागतात ते हरलेल्या बाजूचे कागद. अल्पमतातले निकाल, वर्गात हसण्यावारी नेलेला निबंध, तांत्रिक कारणावरून फेटाळलेली तक्रार.

विजयांवर फार विसंबून राहता येत नाही, हे १८७३ सालावरूनही दिसते. त्या वर्षी पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना अर्पण केली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, ईस्टरच्या दिवशी, लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने डझनावारी कृष्णवर्णीयांना ठार मारले, त्यांतल्या कित्येकांना शरण आल्यावर. ज्या मोजक्यांना दोषी धरले, त्यांनाही सर्वोच्च न्यायालयाने १८७६मध्ये मोकळे केले आणि पुढच्याच वर्षी दक्षिणेतल्या राजकारणावरचा केंद्रीय फौजांचा पहारा उठला. फुल्यांनी गौरवलेली अमेरिका खोटी नव्हती. तिला आयुष्य मात्र जेमतेम बारा वर्षांचे लाभले.

१८९२च्या जूनमध्ये न्यू ऑर्लिन्सचा होमर प्लेसी नावाचा चांभारकाम करणारा तरुण पहिल्या वर्गाचे तिकीट काढून गोऱ्यांच्या डब्यात बसला. आठ पणजोबा-पणज्यांपैकी सात गोरे, दिसायलाही गोराच. आपण कृष्णवर्णीय आहोत, हे त्याला गार्डला मुद्दाम सांगावे लागले. सगळे ठरवून केलेले होते. नागरिकांच्या एका समितीने त्याची निवड केली होती, अटक करायला खासगी गुप्तहेर नेमला होता आणि रेल्वे कंपनीलाही आतून कल्पना होती, कारण दोन वेगळे डबे जोडणे तिला परवडत नव्हते. १८९६मध्ये निकाल लागला, सात विरुद्ध एक. वेगळे डबे म्हणजे विषमता नव्हे. कोणाला त्यात कमीपणा वाटत असेल तर तो अर्थ त्यानेच लावलेला आहे, असे बहुमताचे म्हणणे. ‘वेगळे पण समान’ या तत्त्वाला न्यायालयाची मोहर मिळाली. प्लेसीने २५ डॉलर दंड भरला. लुइझियानाच्या गव्हर्नरांनी त्याला माफी दिली ती २०२२मध्ये.

तो एक पुन्हा हार्लनच. राज्यघटनेला रंग दिसत नाही, नागरिकांत ती वर्ग मानत नाही, असा त्यांच्या भिन्नमताचा आशय. तो पुढे शेकडो वेळा उद्धृत झाला. त्याच भिन्नमतात गोरा वंश देशात वरचढ आहे आणि राहील असेही आहे, आणि चिनी लोकांबद्दल तुच्छतेचा एक परिच्छेदही आहे. उद्धृत करणारे तो सहसा गाळतात. हे लक्षात ठेवलेले बरे, कारण पुढे याच कागदावरून भांडण होणार आहे.

पुढच्या पन्नास वर्षांत कृष्णवर्णीय वकिलांनी प्लेसीच्या निकालाशी थेट कुस्ती टाळली, आणि ते शहाणपणाचेच होते. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठातले चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन आणि त्यांचे शिष्य थर्गुड मार्शल यांचा डाव असा की, वेगळे ठेवायचे ना, मग खरोखर समान ठेवा. एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्यासाठी अख्खे विधी महाविद्यालय उभारा. वेगळेपणा राज्यांना खिशावाटे जड करायचा. १९३८मध्ये मिसूरी राज्याविरुद्ध आणि १९५०मध्ये टेक्सासविरुद्ध हा डाव यशस्वी झाला.

हॉवर्डमध्येच १९४४ साली एक विद्यार्थिनी उभी राहिली आणि म्हणाली, हे आडवळण पुरे. वेगळे ठेवणे हीच विषमता आहे असे सरळ म्हणा. वर्ग हसला. ही पॉली मरे, तुकडीतली एकटी मुलगी, आणि शेवटी पहिला नंबरही तिचाच. प्लेसीचा निकाल पंचवीस वर्षांच्या आत उलटेल, अशी दहा डॉलरची पैज तिने प्राध्यापक स्पॉट्सवुड रॉबिन्सन यांच्याशी लावली आणि त्याच विषयावर आपला अखेरचा निबंध लिहिला. निबंध कपाटात गेला. १९५३मध्ये रॉबिन्सन शाळांच्या खटल्यांत मार्शल यांच्या चमूत होते, तेव्हा त्यांना तो आठवला. त्यांनी तो काढून सहकाऱ्यांना वाचायला दिला. मरे यांना हे कळले कित्येक वर्षांनी.

त्या खटल्यांपैकी एक दक्षिण कॅरोलायनातल्या क्लॅरेंडन परगण्याचा. तिथल्या पालकांनी सुरुवातीला समता मागितलीच नव्हती, मागितली होती एक बस. गोऱ्या मुलांसाठी तीस बसगाड्या होत्या. कृष्णवर्णीय मुले कित्येक मैल चालत जात. पहिली तक्रार, ती करणाऱ्या शेतकऱ्याची जमीन नेमक्या कोणत्या शाळा-विभागात येते, या मुद्द्यावर निकालात निघाली. नव्या दाव्यावर सगळ्यात वर नाव होते हॅरी ब्रिग्ज यांचे. पेट्रोल पंपावरची त्यांची नोकरी गेली, पत्नीचीही मोटेलमधली गेली. पालकांना एकत्र आणणारे पाद्री डिलेन यांचे घर जळाले. १९५१मध्ये तीन न्यायाधीशांपुढे ते दोन विरुद्ध एक मताने हरले. तो एक, चार्ल्सटनच्या जुन्या गोऱ्या घराण्यातले वेटीज वेअरिंग. नुसत्या सोयींची समता मागू नका, वेगळेपणावरच घाव घाला, असे मार्शल यांना त्यांनीच आधी सुचवले होते, आणि भिन्नमतात वेगळेपण म्हणजेच विषमता हेच लिहिले. नंतर त्यांना गाव सोडून न्यूयॉर्कला जावे लागले.

१७ मे १९५४. शाळांच्या या एकत्र केलेल्या खटल्यांचा, म्हणजे ब्राउन खटल्याचा निकाल, नऊ विरुद्ध शून्य. निबंधातला आणि भिन्नमतातला मुद्दा आता कायदा झाला. मरे पैज जिंकल्या, पंधरा वर्षे हातात ठेवून. पण सरन्यायाधीश वॉरन यांनी भर दिला तो वेगळ्या शाळांमुळे मुलांच्या मनावर होणाऱ्या आघातावर. केनेथ आणि मेमी क्लार्क या दांपत्याने चार बाहुल्या घेऊन मुलांची परीक्षा पाहिली होती; बाहुल्या रंग सोडून अगदी सारख्या. यातली चांगली कोणती, वाईट कोणती, असे विचारल्यावर कितीतरी कृष्णवर्णीय मुले तपकिरी बाहुलीला वाईट म्हणाली. केनेथ यांच्या या कामाचा उल्लेख निकालात आला तळटीपेत. निकाल एकमताने व्हावा म्हणून वॉरन यांनी कोणालाही दोष देणे टाळले, आणि मला वाटते, तिथेच एक प्रश्न उघडा राहिला. चूक कशात होती? राज्याने रंग पाहिला यात, की रंग पाहून एका समाजाला खाली दाबले यात? १९५४मध्ये दोन्हींचे उत्तर एकच येत होते, म्हणून कोणी विचारले नाही.

न्यायालयाच्या कागदाने शाळा उघडल्या, असेही नाही. दहा वर्षांनी दक्षिणेतल्या अकरा राज्यांत गोऱ्यांबरोबर शिकणारी कृष्णवर्णीय मुले शंभरात जेमतेम एक होती. माँटगोमेरीतला बसवरचा बहिष्कार, ग्रीन्सबरोच्या खाणावळीत बसून राहिलेले विद्यार्थी, बर्मिंगहॅममध्ये मुलांवर सोडलेली कुत्री आणि पाण्याचे फवारे, यांतून १९६४चा कायदा आला. तो इतिहास परिचित आहे. त्यातली एक आडबाजूची हकिगत तेवढी सांगतो. नोकरीतल्या भेदभावाच्या कलमात वंश, वर्ण, धर्म यांबरोबर ‘लिंग’ हा शब्द घालायची सूचना मांडली ती व्हर्जिनियाचे हॉवर्ड स्मिथ यांनी, नागरी हक्कांच्या कट्टर विरोधकाने. विधेयक बुडवायला की मनापासून, यावर अजून वाद आहे. सभागृह खळखळून हसले. सिनेटमध्ये तो शब्द टिकावा म्हणून सविस्तर टिपण लिहिले पॉली मरे यांनी. हशाची त्यांना सवय होती. वर्णाविरुद्धचा युक्तिवाद स्त्रियांनाही लागू होतो, हा त्यांचा मुद्दा १९७१मध्ये सर्वोच्च न्यायालयात पोचला, तेव्हा रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी निवेदनाच्या मुखपृष्ठावर मरे यांचे नाव घातले.

मग तो उघडा प्रश्न आला. बंदी उठली, पण शतकांचे मागासलेपण तसेच. वैद्यकीय महाविद्यालयातल्या राखीव जागांच्या ‘बॅकी’ खटल्यात १९७८मध्ये न्यायालयाने ठरावीक जागा नाकारल्या, वर्णाचा विचार करायला मात्र मुभा दिली. तोवर स्वतः न्यायमूर्ती झालेल्या मार्शल यांनी वेगळे मत लिहिले. दोनशे वर्षे ज्या घटनेच्या आधाराने भेदभाव चालला, ती आता त्याचे परिणाम दूर करायच्या आड येते, हे त्यांना मान्य नव्हते. भारतीय वाचकाला याचे नवल वाटेल. कोलंबियात शिकलेल्या आंबेडकरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न न्यायाधीशांवर न सोडता १९५०च्या घटनेत कलम १६(४) लिहिले, आणि मद्रासच्या प्रवेशांचा खटला सरकार हरल्यावर वर्षभरात १५(४) जोडले. अमेरिकेत असे कलम नाही. तिथे सगळा भार चौदाव्या दुरुस्तीतल्या एका वाक्यावर आहे.

२९ जून २०२३ रोजी त्याच वाक्याच्या आधारे विद्यापीठ-प्रवेशातला वर्णाचा विचार बंद झाला, आणि बहुमताच्या हाती होते हार्लन यांचे भिन्नमत. ब्राउनचे वारस आपणच, असे बहुमतातले न्यायमूर्ती म्हणाले. न्यायमूर्ती सोतोमायोर यांनी आपले भिन्नमत न्यायासनावरून ऐकवले आणि तोच वारसा आपल्या बाजूला ओढला. माझ्या मते बहुमताने केलेले हार्लन यांचे वाचन अर्धेच आहे. त्यांचा राग डब्यावरच्या पाटीवर नव्हता, पाटीमागच्या जातिव्यवस्थेवर होता. जात हा शब्द त्यांनी तिथे वापरलाही आहे.

या निकालातल्या प्रतिवादी संस्था दोन: हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ. पॉली मरे यांना नॉर्थ कॅरोलायनाने १९३८मध्ये प्रवेश नाकारला तो वर्णावरून. त्यांची पणजी हॅरिएट ज्या स्मिथ कुटुंबाची गुलाम होती, त्याच कुटुंबाची जमीन या विद्यापीठाला मिळालेली होती. हार्वर्डने १९४४मध्ये नाकारला तो बाई म्हणून. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या पत्राचाही उपयोग झाला नाही. सर्वोच्च न्यायालयातल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला न्यायमूर्ती केतांजी ब्राउन जॅक्सन या हार्वर्डच्या मंडळावर राहिल्या असल्याने त्या खटल्यातून बाजूला झाल्या. त्यांचे भिन्नमत आहे ते फक्त नॉर्थ कॅरोलायनाच्या खटल्यात, आणि त्याची सुरुवात वंशांमधल्या संपत्ती आणि आरोग्याच्या दरीपासून होते.