गंगापुरीचं दूध

वाईजवळच्या मेणवलीत एक दूधवाले राहत. सगळे त्यांना तात्या म्हणत. रोज पहाटे सायकलच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंनी दुधाचे कॅन अडकवायचे, वाई गाठायची, गणपती आळी, मधली आळी, धर्मपुरी करत शेवटी गंगापुरीत दूध घालायचं आणि परतायचं, हा त्यांचा नेम. सायकल जुनी, काळी, २८ इंची. तिच्यावर त्यांचा फार जीव. दर आठवड्याला ते तिला कृष्णेवर नेत, चाकं अर्धी बुडतील एवढ्या पाण्यात उभी करत आणि घासूनपुसून लखलखीत करत.

एका पावसाळ्याच्या शेवटी मागचं चाक करकरू लागलं.

शेजारी म्हणाला, "तेल घाला." तात्यांनी शिलाई मशीनचं तेल आणलं, चेनवर घातलं, चाकाच्या मधल्या भागाच्या, म्हणजे हबच्या दोन्ही टोकांना सढळ हातानं सोडलं. आवाज थांबला. चार दिवसांनी परत आला, पुन्हा तेल पडलं. जुन्या लोखंडी हबच्या मधोमध तेलासाठी एक बारीक भोक असतं, त्यावर पत्र्याची छोटी पट्टी. तेलाचे थेंब घालायचे ते तिथून. दोन्ही टोकांना बाहेरून ओतलेलं पातळ तेल आतलं ग्रीस विरघळवून बाहेर आणतं आणि रस्त्याची धूळ त्या ओल्या जागेला चिकटून आत शिरते. कानाला बरं वाटतं, हबमधले छर्रे मात्र झिजत राहतात.

झालंही तसंच. महिनाभरात चाक डुगडुगायला लागलं. पुतण्या धावून आला. "काका, कोन ढिला झालाय," असं म्हणत त्यानं छर्ऱ्यांना दाबून धरणाऱ्या त्या कोनाला पाना लावला आणि जोर होता तेवढा आवळला. डुगडुग गेली. करकरही बरीच दबली. पोरानं मायेनंच केलं होतं, त्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

मात्र त्या दिवसापासून सायकल जड झाली. सपाट रस्त्यावरही तात्यांच्या पोटऱ्या भरून येत. धर्मपुरीपर्यंत पोचता पोचता दम लागे. त्यांनी मनाशी हिशेब मांडला: साठी उलटली, आता शरीर थकणारच. कॅनमधलं दूध कमी केलं. तरी निभेना, तेव्हा रतीब तोडायचं ठरलं आणि शेवटची आळी म्हणून पाळी गंगापुरीवर आली. तिथल्या एका घरी एकट्या राहणाऱ्या आजी होत्या. तात्यांनी उद्यापासून येणार नसल्याचं सांगितलं, तेव्हा आजींनी विचारलं, "आमचं काही चुकलं का हो?"

"तुमचं नाही आजी. माझे पायच राहिले नाहीत आता."

हे उत्तर तात्यांनी अगदी खरं मानून दिलं होतं.

पुढे एके दिवशी वाईतच सायकल पंक्चर झाली. ती ढकलत तात्या एका मिस्त्रीच्या दुकानात गेले. मिस्त्री वयानं लहान, पण हाताला जाण असलेला. सायकल आत घेताना तो थबकला. "तात्या, ही अशीच चालवता रोज?"

"चालवतो कसली, ओढतो. वय झालं रे."

"वयाचं नंतर बघू. आधी चाकाचं बघू द्या."

त्यानं पंक्चर काढलं, सायकल स्टँडवर घेतली आणि पेडल मारलं. मागचं चाक दोन फेरे फिरून थांबलं. मग तो एकेक गोष्ट बाजूला करत गेला. पेडल थांबवून चाक तेवढं फिरू दिलं, तरी खरखर होतीच. म्हणजे ती पेडलची नव्हती, दोन्ही पेडलांमधल्या बेअरिंगची, म्हणजे बीबीचीही नव्हती. ब्रेकचे गुटके पाहिले, रिमपासून सुटे होते. मडगार्ड कुठे घासत नव्हतं. चेन उतरवली आणि चाक पुन्हा फिरवलं, आवाज तोच. शेवटी एका हातानं चाक हळूहळू फिरवत त्यानं दुसरा हात सीटवर ठेवला आणि तात्यांचा हात ओढून आपल्या हाताशेजारी टेकवला. फ्रेममधून बारीक खडखड थेट तळव्यात येत होती.

"हबमध्ये आहे," मिस्त्री म्हणाला. "उघडायला लागेल."

"तेल घालून बघितलं, आवळूनही बघितलं," तात्या म्हणाले.

"बघितलं कुठं तात्या? तेल घातलंत, आवळलंत. आत काय झालंय ते कुणीच बघितलं नाही."

चाक निघालं, नट निघाले, कोन सुटला, एक्सल बाहेर आला. ग्रीसच्या जागी तपकिरी चिखल होता. नदीचं पाणी आत जाऊन बसलं होतं, तेलानं उरलंसुरलं ग्रीस नेलं होतं. मागच्या हबला दोन्ही बाजूंना नऊ-नऊ छर्रे असतात, पाव इंची. चेनच्या बाजूचा एक छर्रा फुटून त्याचे दोन तुकडे झाले होते. त्या तुकड्यांनी बाकीचे आठ ओरबाडले होते आणि कोनच्या गुळगुळीत पट्ट्यावर खड्डे पाडले होते. वर पुतण्यानं आवळलेला कोन, म्हणजे तुकड्यांना सरकायलाही जागा नाही. आतल्या वाट्या तेवढ्या शाबूत होत्या. मिस्त्रीनं त्या रॉकेलनं धुतल्या, कोरड्या केल्या आणि नख फिरवून पाहिल्या.

तात्या म्हणाले, "एकच फुटलाय ना? एक नवा घाल."

"नाही जमायचं. जुने झिजून केसभर बारीक झालेत. नवा एकटा मोठा राहील, सगळा भार त्याच्यावर येईल आणि तोही फुटेल."

त्यानं अठराच्या अठरा नवे छर्रे ग्रीसमध्ये बसवले, दोन्ही कोन बदलले. मग कोन चिमटीत धरून छर्ऱ्यांना टेकेपर्यंत फिरवला आणि किंचित मागे घेतला. तात्यांनी चाक हलवून पाहिलं, जराशी ढिलाई लागली. "हे पुन्हा डुगडुगेल."

"वरचा नट आवळला की एवढं अंतर भरून निघतं. आधीच घट्ट केलं तर छर्रे चिरडतात."

नट आवळला. डुगडुग नव्हती. चाक फिरवलं, ते आवाज न करता फिरत राहिलं, मंदावलं, थोडं उलट गेलं, पुन्हा सुलट आलं आणि व्हॉल्व्ह खाली येऊन थांबलं. व्हॉल्व्हच्या एवढ्याशा वजनानं चाक खाली वळतं, तेव्हा हबमध्ये अडवणारं काही उरलेलं नसतं.

तात्या बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मी माझ्या पायांना बोल लावला रे."

आवाज नको म्हणून तेल घालायचं, हलतंय म्हणून आवळायचं आणि मग जड झालं की आपली ताकद संपली असं मानून कामच कमी करायचं, या वाटेनं माणसं घरात, शेतात, दवाखान्यातही जातात. दुखणं एका जागी असतं आणि भोगावं लागतं भलत्यालाच. इथे ते गंगापुरीच्या आजींना भोगावं लागलं, ज्यांचा या चाकाशी काही संबंध नव्हता. या तिन्ही चुका चांगल्या मनानं झाल्या होत्या. पण उघडून पाहण्याचा कंटाळा चांगल्या मनानं भरून निघत नाही.

दुसऱ्या पहाटे कॅन पुन्हा काठोकाठ भरले आणि गंगापुरीचा रतीब सुरू झाला. सायकल धुणंही सुटलं नाही. फक्त ती आता नदीत उभी राहत नाही, ओल्या फडक्यानं पुसली जाते.

तुमच्या घरी सायकल असेल तर या पावसाळ्यानंतर तिचं ओव्हरहॉलिंग करून घ्या, आणि मिस्त्री हब उघडेल तेव्हा शेजारी उभं राहून आत काय निघतं ते स्वतः पाहा.