गरीब कोण, हे कोणी ठरवायचे?

नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळा झाला. 2011 च्या जनगणनेनुसार इथली सुमारे 69 टक्के लोकसंख्या आदिवासी आहे. अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर हे तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात, म्हणून तिथे 1996 चा पेसा कायदा लागू आहे. दारिद्र्य निर्मूलनाच्या योजनांचे लाभार्थी निवडण्याची जबाबदारी या कायद्याने ग्रामसभेवर टाकली. महाराष्ट्राने त्याचे नियम 2014 मध्ये केले.

म्हणजे गरीब कोण, हे चारचौघांत ठरायचे. आपल्या मनाला हे खटकते. उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये, अशी आपली शिकवण. उघड देणे चांगले, पण गरिबाला गुपचूप देणे अधिक चांगले, असे कुरआन सांगते. मग भर सभेत कोणाचे दारिद्र्य वाचून दाखवणे योग्य कसे?

आम्हाला वाटते, इथे सदका आणि हक्क यांची गल्लत होते. सदका देणाऱ्याच्या मर्जीचा. तो झाकलेलाच बरा. हक्क मात्र झाकला की मधल्या माणसाच्या खिशात जातो. जकातसुद्धा निव्वळ मर्जीवर सोडलेली नाही. ती कोणाला द्यायची, ते आठ वर्ग कुरआनने ठरवून दिले, आणि ती गोळा करणाऱ्यांनाही त्यांत जागा दिली. व्यवस्था उभी राहिल्याशिवाय हक्क पोचत नाही, हेच त्यातून दिसते.

पण ग्रामसभेलाही सगळे दिसत नाही. ऊसतोडीसाठी गुजरातेत गेलेले कुटुंब सभेच्या दिवशी गावात नसते. एकटी विधवा सभेला येतच नाही. जे कोणाच्या मागे लागून मागत नाहीत आणि म्हणून अजाण माणसाला सुखवस्तू वाटतात, अशा गरिबांची आठवण कुरआनने मुद्दाम करून दिली आहे. त्यांना ओळखतो तो शेजारी. बाजाराच्या गावात दुकान चालवणाऱ्या आपल्या माणसाला तर उधारीच्या वहीतूनच कळते, कोणाच्या घरी काय शिजते.

हे कळूनही सभेत गप्प बसावे का? आपल्याकडे न्यायाची साक्ष नातलगाविरुद्धही द्यावी लागते. यादीत आपल्या भावाचे नाव हक्क नसताना आले असेल, तर ते काढा म्हणावे. पाड्यावरच्या भिल्ल विधवेचे राहिले असेल, तर ते घाला म्हणावे. ती आपल्या जमातीची नाही, म्हणून साक्षीचे कर्तव्य कमी होत नाही.

कायदा सभा भरवू शकतो. तिथे खरे बोलणारा माणूस गावालाच द्यावा लागतो.