लंगडण्याचा उज्र

डिसेंबर २०२० मध्ये आम्ही पोलादपूरला बहिणीच्या ओट्यावरून पडलो आणि उजव्या खुब्यात मोडलो. ओटा फार तर दोन हात उंच. लहानपणी त्यावरून आम्ही दिवसातून दहादा उडी मारत असू. मांडीचे हाड खुब्याच्या वाटीत ज्या गोळ्याने बसते त्या गोळ्याची मान मोडली होती. पासष्टीच्या माणसाची ही मान पुन्हा जुळेलच असे नसते, कारण हाड मोडताना गोळ्याचा रक्तपुरवठाही तुटू शकतो. वैद्यकाच्या बाबतीत महाडला कमी लेखायचे कारण नाही. विंचूदंशावरच्या उपचारांसाठी जगभर नाव झालेल्या आणि २०२२ साली पद्मश्री मिळालेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी याच गावात राहून काम केले. पण खुब्यासाठी आम्हाला मुंबईलाच न्यावे लागले. महामार्गाच्या प्रत्येक खड्ड्याची ओळख त्या दिवशी नव्याने झाली. डॉक्टरांनी मोडका गोळा काढून धातूचा बसवला आणि आठवड्याभरात आम्ही वॉकर धरून महाडच्या घरी आलो.

मग बंधने आली. खाली बसायचे नाही, मांडी घालायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही, कमरेत काटकोनापेक्षा जास्त वाकायचे नाही. भारतीय माणसाचे निम्मे आयुष्य जमिनीवर जाते आणि नमाज्याचे त्याहून थोडे जास्त. सजदा बंद झाला, खुर्ची आली. त्याबद्दल मनात किंतु नव्हता. मूळव्याधीने त्रासलेल्या इम्रान बिन हुसैन यांना पैगंबरांनी (स.) उभे राहून नमाज पढायला सांगितले, ते न जमल्यास बसून आणि तेही न जमल्यास कुशीवर. आजाऱ्याला सवलत आहे आणि ती घेण्यात कमीपणा नाही, हे आम्ही स्वतः कितीतरी जणांना समजावले होते.

तीन महिन्यांनी वॉकर सुटला, काठी आली. घरी व्यायाम शिकवायला एक फिजिओथेरपिस्ट मुलगी येई. पहिल्याच दिवशी तिने काठी आमच्या उजव्या हातातून काढून डाव्या हातात दिली. दुखऱ्या बाजूला काठी धरायची हा सगळ्यांचाच समज, आमचाही होता. ती म्हणाली, "काका, एका पायावर उभे राहिलात की खुब्यावर तुमच्या वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो. खुब्याच्या बाहेरच्या अंगाचे स्नायू कंबर वर ओढून धरतात म्हणून. ते थकले की दुसऱ्या बाजूची कंबर खाली पडते आणि तुम्ही तोल सांभाळायला दुखऱ्या बाजूला झुकता. समोरच्या हातातली काठी ते ओझे वाटून घेते." मग तिने आम्हाला कपाटाच्या आरशापुढे उभे केले आणि डावा पाय उचलायला सांगितला. आरशात लेंग्याची नाडी एका बाजूला कलली. आम्ही हसलो, ती हसली नाही.

कुशीवर झोपून पाय वर उचलणे, आरशापुढे एका पायावर उभे राहणे, टाच आधी टेकून मग चवडा टाकणे असे चालले. जून उजाडला तेव्हा दुखणे जवळजवळ गेले होते, लंगडणे मात्र तसेच राहिले. एक दिवस तिने विचारले, "काका, दुखते म्हणून लंगडता की लंगडायची सवय लागली म्हणून?" आम्हाला राग आला. दुखत नसताना कोण लंगडेल?

याचे उत्तर २२ जुलै २०२१ रोजी मिळाले. बकरी ईदचा दुसरा दिवस होता. सावित्री आणि गांधारी दोन्ही गावात शिरल्या. वीज गेली, फोन गेले. त्याच दिवशी तळियेवर आणि पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरडी कोसळल्या, हे आम्हाला नंतर कळले. आम्हाला दिसत होते ते फक्त अंगणातले पाणी. ते ओट्यावर आले, मग उंबऱ्यावर. ईदच्या गोश्ताची पातेली, गाद्या, कुराणशरीफ, सगळे वर न्यायची धावपळ सुरू झाली. आम्ही पत्र्याची पेटी उचलली. तीत घराची कागदपत्रे होती आणि त्याहून जास्त आमच्या जुन्या लेखांच्या फायली. पेटी खांद्यावर घेऊन आम्ही जिना चढलो, उतरलो, तांदळाचे पोते घेऊन पुन्हा चढलो. काठी खाली कुठेतरी तरंगत होती.

तेवढ्यात शेजारून हाक आली. शेजारच्या दादींना चालवत नाही. त्यांचा मुलगा त्यांना खुर्चीत बसवून खुर्चीसकट आमच्या जिन्यावर आणू पाहत होता आणि दुसरी बाजू धरायला कोणी नव्हते. आम्ही जिन्याच्या मधल्या पायरीवर उभे होतो. आमच्या तोंडून निघाले, "अरे, माझा पाय..." आणि हात कठड्याकडे गेला. गल्लीतला एक पोरगा छातीभर पाण्यातून आला, त्याने खुर्ची धरली. दादी सुखरूप वर आल्या. रात्रभर एकाच खोलीत अठरा माणसे बसून होतो. कोणी आम्हाला काही म्हणाले नाही. कोण म्हणणार? खुब्याचे ऑपरेशन झालेला म्हातारा माणूस.

पाणी ओसरले, चिखल उपसला. चार दिवसांनी बेगम सहज म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही लंगडत नव्हता." तिला पेटी आठवत होती. आम्हाला खुर्ची आठवली.

आम्ही खोटे बोललो का? खोट्याला नियत लागते. "माझा पाय" म्हणताना आम्ही ठरवून काही केले नाही, तेवढा वेळच नव्हता. शरीराने एकदा शिकलेला धडा म्हटला, इतकेच. बरेच दिवस या उत्तरावर आम्ही समाधान मानले. पण सवय आभाळातून पडत नाही. त्या सात महिन्यांत लंगडण्याने आम्हाला काय काय दिले ते आठवू लागलो. रांगेत लोक पुढे सोडत. मय्यतीला खांदा द्यायला गेलो की "तुम्ही राहू द्या" असे म्हणत. घरात पाण्याचा तांब्या हातात येई. या प्रत्येक वेळी नियतीला पुरेसा वेळ होता. एकदा तर समोरून ओळखीचे गृहस्थ येताना पाहून आमचा पाय जास्त ओढला गेला होता आणि ते आमच्या लक्षातही आले होते. म्हणजे जिन्यावरच्या त्या क्षणाचा हिशोब त्या क्षणाकडे मागण्यात अर्थ नाही. तो आधीच्या शंभर लहान क्षणांकडे मागायला हवा, आणि तिथे आम्ही बेसावध नव्हतो.

फिकहमध्ये एक तत्त्व आहे: उज्रामुळे जे जायज ठरते ते उज्र संपताच संपते. वाचायला सोपे आहे. उज्र संपला हे उज्रवाल्याला कोणी सांगायचे, हा पेच त्यात राहतोच. डॉक्टर हाडाचे सांगतो, दुखण्याचे फक्त ज्याचे त्याला ठाऊक असते. साक्षीदारही तोच, फायदा घेणाराही तोच. उहुदच्या लढाईच्या वेळी, इ.स. ६२५ मध्ये, अम्र बिन जमूह हे पायाने अधू असलेले सहाबी बाहेर पडू लागले. मुलांनी अडवले, तुमच्यावर जिहाद फर्ज नाही म्हणाले. पैगंबरांनीही (स.) तुम्हाला सूट आहे असे सांगितले, पण त्यांना अडवू नका असे मुलांना बजावले. अम्र गेले आणि शहीद झाले. त्यांचा पाय खरेच अधू होता. ही हकीकत आम्ही मुलांना अनेकदा सांगितली आहे, पण ती आपल्याला लागू पडेल असे वाटले नव्हते.

पुरानंतर आम्ही रोज पहाटे चवदार तळ्याच्या काठाने चालू लागलो. सपाट रस्ता, दुसरे कारण नाही. पण महाडच्या माणसाला तिथे नुसते चालता येत नाही. हे तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ मध्ये केला होता, तरी पाण्यापर्यंत पावले पोचायला २० मार्च १९२७ उजाडावे लागले. आमच्या लंगडण्याशी त्याची तुलना करणे हा अपमान होईल. तिथली भीती खरी होती आणि डॉ. आंबेडकरांसोबत चालत गेलेल्यांना त्याच दिवशी गावात मार पडला. आम्हाला टोचते ते त्यापुढचे. मार चुकवून पळणाऱ्यांना इथल्या मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला. डिसेंबरच्या परिषदेला कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान यांनी आपली जागा दिली. हे सगळे आम्ही सभांतून, शाळांतून किती अभिमानाने सांगत आलो! दार उघडणाऱ्यांचे वारस म्हणून टाळ्याही घेतल्या. आणि आमच्या जिन्यापर्यंत आलेली एक खुर्ची आम्हाला धरता आली नाही.

७ ऑक्टोबर २०२१ पासून धार्मिक स्थळे पुन्हा उघडली तेव्हा मशिदीत सफेच्या टोकाला आमच्यासाठी खुर्ची मांडून ठेवली होती. मौलानांना आम्ही खरे ते सांगितले: उभे राहता येते, रुकू करता येतो, पण कायद्यात बसायला डॉक्टरांची मनाई आहे. ते म्हणाले, जेवढे जमते तेवढे उभ्याने करा, जिथे जमत नाही तिथेच बसा. ऐकायला सरळ आहे, करताना घोटाळा होतो. खुर्चीपुढे उभे राहिलो तर सफेच्या पुढे जातो. पावले सफेत ठेवली तर खुर्ची मागच्याच्या सजद्याच्या जागी येते. शेवटी मागच्या भिंतीलगत जागा घेतली. पहिल्या दिवशी पूर्ण कियाम उभ्याने केला तेव्हा शेजारचे दोघे सलामनंतर आमच्याकडे पाहत राहिले. त्यांच्या नजरेत कौतुक होते की संशय, हे आम्ही जाणून घ्यायचा प्रयत्न केला नाही. कौतुकाचाही मोह पडतोच. न दुखणाऱ्या पायावर उभे राहण्यात कसला पराक्रम?

काठी आता पावसाळ्यात लागते, एरवी कोपऱ्यात असते. शेजारच्या दादी भेटल्या की "पाय कसा आहे?" असे अजून विचारतात. त्या रात्रीबद्दल त्यांनी कधी शब्द काढला नाही. आम्ही "अल्हम्दुलिल्लाह" म्हणतो आणि त्यांच्या दारावरून पुढे येतो. घरात शिरलो की कधीकधी बेगमला विचारतो, आता लंगडत होतो का?

ती तांदूळ निवडता निवडता म्हणते, "थोडं."