सोपी वाट कोणासाठी?



पावसाळा सरला, सकाळच्या हवेत थोडा गारवा आला. आपल्या सोलापुरात हे दिवस थोडेच. एप्रिल-मे आला की पारा चाळिशी ओलांडतो. म्हणून येत्या महिन्यात एका रविवारी मिस्सानंतर धर्मग्रामातील सर्वांनी मिळून रानात एक छोटी फेरी मारावी, असे आम्ही सुचवले. "वाट सोपी निवडा, फादर," असे बहुतेकांनी सांगितले. पण सोपी म्हणजे कोणासाठी, या प्रश्नापाशी आम्ही अडलो.

अडलो, कारण एक जुनी चूक आठवली. काही वर्षांपूर्वी आम्ही येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात सहल नेली होती. धाराशिव जिल्ह्यातले हे सुमारे 22 चौरस किलोमीटरचे जंगल 1997 साली अभयारण्य झाले. पावसानंतर ते हिरवेगार असते. खाली दरीत जायला पायऱ्या उतराव्या लागतात. आमच्यातल्या एक आजी पहिल्याच पायरीशी थांबल्या. म्हणाल्या, "तुमी जावा फादर, मी बसते हितंच." आम्ही "बरं, आजी" म्हणालो आणि उतरलो. दोन तासांनी वर आलो, तर त्या सगळ्यांच्या डब्यांच्या पिशव्या माकडांपासून राखत बसल्या होत्या. परतताना बसमध्ये मुले खालच्या पाण्याविषयी बोलत होती. आजी खिडकीबाहेर बघत होत्या.

आम्ही त्यांच्या शब्दाला मान दिला, हे खरे. पण तो शब्द त्यांना का बोलावा लागला? आम्ही आधी वाट ठरवली आणि मग माणसे गोळा केली. त्यांच्या गुडघ्यांचा विचारच केला नव्हता. मागे राहणारा बहुधा आपणहूनच "तुम्ही जा" म्हणतो. त्यामुळे पुढे जाणाऱ्याचे मन त्याला खात नाही.

ॲरिस्टॉटलने सद्गुणाचा मध्य समजावताना अन्नाचे उदाहरण दिले आहे. दहा मापे जास्त आणि दोन मापे कमी, म्हणून प्रत्येकाला सहा मापे वाढावीत, असे होत नाही. मिलो या नामांकित पहिलवानाला तेवढे अपुरे पडेल आणि तालमीत नव्याने आलेल्याला जास्त होईल. वाटेचेही तसेच आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 साली चालण्याचा एक हिशेब मांडला: सुमारे 5 किलोमीटरला एक तास, आणि दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास. डोंगर चढणारे तो आजही वापरतात. पण तो धडधाकट माणसाचा हिशेब आहे. नातवाचे बोट धरून चालणाऱ्या आजोबांना 2 किलोमीटरलाच तास लागेल. नकाशावर अंतर लिहिलेले असते, सोपेपणा लिहिलेला नसतो.

गोल फेरीत आणखी एक अडचण आहे. गेलेल्या वाटेनेच परतायचे असेल, तर दमलेला माणूस मध्येच सावलीला बसू शकतो. बाकीचे येताना त्याला घेतात. गोल वाटेवर पुढे गेलेले त्या जागी परत येत नाहीत. अर्धी फेरी झाली की मागे फिरणे आणि पुढे जाणे सारखेच लांब पडते. म्हणून अशा वाटेवर निघण्यापूर्वीच एकमेकांना शब्द द्यावा लागतो.

तरुणांची तक्रारही खोटी नाही. "फादर, एवढं तर आम्ही रोज कॉलेजला चालतो!" अंगात बळ असणे हा काही दोष नव्हे. त्यांनी दुसऱ्या एखाद्या रविवारी खुशाल गड चढावा. पण जे सर्वांचे म्हणून काढले, त्याची चाल सर्वांना झेपणारी हवी. उत्पत्तीच्या 33व्या अध्यायात एसाव याकोबाला बरोबर चलण्याचा आग्रह करतो. याकोब नम्रपणे सांगतो, की लेकरे कोवळी आहेत, गुरे पाजती आहेत. तुम्ही पुढे व्हा, मी त्यांच्या चालीने येतो. आदल्याच रात्रीच्या झोंबीत त्याची जांघ निखळली होती. लंगडत चालणे म्हणजे काय, हे त्याला नुकतेच कळले होते.

तेव्हा बेत असा आहे. लांब कुठे न जाता विजापूर रस्त्यावरच्या सिद्धेश्वर वनविहारात जाऊ. फेरी 2 किलोमीटरहून मोठी नको. सर्वांत सावकाश चालणारे सर्वांत पुढे राहतील आणि त्यांना कुणी ओलांडायचे नाही. थोड्या थोड्या अंतरावर थांबू. घडीच्या चार खुर्च्या तरुणांनी आळीपाळीने उचलायच्या. बळाला कामही मिळेल. प्रत्येकाने पाण्याची बाटली, टोपी आणि काट्यांसाठी जाड तळाचे पायताण आणावे. नेलेला कागदाचा कपटासुद्धा परत आणावा.

त्याआधी या आठवड्यात आम्ही त्या आजींच्या घरी जाणार आहोत. "येता का?" असे विचारले, तर त्या पुन्हा "तुमी जावा" म्हणतील. म्हणून या वेळी "किती चालवेल?" असे विचारू. त्या सांगतील तेवढीच फेरी आखू.

ख्रिस्ताठायी आपले,
धर्मगुरू