सूर्य उगवल्यानंतर

मे 2025 मध्ये आमच्या शहरालगतच्या वाळूज परिसरात, बजाजनगरात, एका उद्योजकाच्या घरावर दरोडा पडला. किलोच्या मापाने मोजावे इतके सोने-चांदी गेले. त्याच महिन्यात या प्रकरणातील एका संशयिताला पोलिसांनी चकमकीत ठार केले. गोळी स्वसंरक्षणार्थ झाडावी लागली, असे त्यांनी सांगितले. रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात हाच विषय होता आणि खरे सांगायचे तर आमच्यापैकी बहुतेकांच्या तोंडून निघाले, ‘बरे झाले!’

हे ‘बरे झाले’ आम्हांला तपासून पाहावेसे वाटते.

निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात एक जुना नियम आहे. रात्री घर फोडताना सापडलेला चोर मार लागून मेला, तर घरधन्यावर रक्तपाताचा दोष नाही. पण सूर्य उगवला असेल तर दोष आहे. चोर तोच, घर तेच. फरक पडतो तो उजेडाने. अंधारात समोरच्याच्या हाती पहार आहे की सुरा, हे कळत नाही आणि हाकेला कोणी येईल याची शाश्वती नसते. दिवसा चार माणसे जमतात, चोराला धरता येते.

नवल असे की 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही हा सूर्य आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी होणारी घरफोडी रोखताना घरधन्याचा अधिकार प्रसंगी प्राण घेण्यापर्यंत पोहोचतो. साध्या चोरीत तो तिथवर जात नाही. गरजेपेक्षा अधिक इजा करण्याची मुभा कधीच नाही आणि पोलिसांकडे धाव घेण्याइतका वेळ असेल तर हा अधिकारच उरत नाही. पकडलेल्या चोराला खांबाला बांधून झोडपणारी गल्ली स्वतःचे रक्षण करीत नसते. संत थॉमस अक्वायनस यांनीही हेच पाहिले: हेतू जीव वाचविण्याचा की जीव घेण्याचा?

पोलिसालाही जीव आहे, त्याचीही मुले घरी वाट पाहतात. अंगावर शस्त्र आले तर त्यालाही तोच अधिकार. परंतु घरधनी अवचित जागा होतो. पोलीस तयारीनिशी, सोबत्यांसह, शासनाचे बळ पाठीशी घेऊन निघतात. घड्याळात रात्र असली तरी त्यांच्यासाठी सूर्य बहुधा उगवलेला असतो. म्हणूनच 2014 मध्ये महाराष्ट्रातीलच चकमकींच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशा मृत्यूचा तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करावा, शिवाय दंडाधिकाऱ्यांची चौकशीही व्हावी. यात पोलिसांवर अविश्वास नाही. खरोखरच अंधार होता का, एवढेच पाहावयाचे असते.

बजाजनगरच्या प्रकरणाचा निवाडा करणे आमचे काम नव्हे. आवारात उभे राहून आम्ही मात्र तो करून टाकला होता. त्या घोळक्यातील एका वृद्ध बाईंनी तेव्हा विचारले, “अन् तो जिवंत सापडला असता, तर तुम्हांला वाईट वाटलं असतं का रे?”

कोणी काही बोलले नाही. ज्याने त्याने आपापल्या स्कूटरची किल्ली शोधायला सुरुवात केली.