सायंदेवाचं काम

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, मार्गशीर्ष पौर्णिमेच्या आधी आपण सगळे श्रीगुरुचरित्राचा सप्ताह करतो. दुसऱ्या दिवशी तेरावा अध्याय येतो. त्या दिवशी वाचन मोठं, मान अवघडलेली, त्यामुळे बहुतेकांचा हा अध्याय भरभर वाचून होतो. यंदा तिथे जरा थांबावं, एवढीच विनंती करायची आहे.

कथा आपल्या गोदामाईच्या काठची. ब्रह्मगिरीवर उगम पावून रामकुंडावरून पुढे जाते तीच ही गंगा. खाली वासरब्रह्मेश्वराला, म्हणजे तेलंगणातल्या आजच्या बासरला, श्रीनृसिंहसरस्वती स्वामींचा मुक्काम होता. एक ब्राह्मण पोटशुळाने इतका गांजला होता की जीव द्यायला नदीत उतरला. स्वामींनी शिष्यांना धावत पाठवून त्याला बाहेर आणवलं. आत्महत्या हा मोठा दोष आहे, हे सांगितलं, पण तेवढं सांगून वाटेला लावलं नाही. तू कोण, कुठला, दुःख कसलं, असं विचारलं. त्याने सांगितलं, की पंधरवड्यातून, महिन्यातून कधी जेवतो आणि जेवलो की प्राण जातात. अन्नच वैरी झालंय, मी जगून भूमीला भार. स्वामी म्हणाले, भिऊ नकोस, औषध आमच्यापाशी आहे.

आता पुढचं बघा. तेवढ्यात सायंदेव तिथे आला. कडगंचीचा, पोटासाठी यवनाच्या चाकरीत असलेला साधा गृहस्थ. तुमच्या-आमच्यासारखा नोकरदारच म्हणा ना! स्वामींनी त्याला सांगितलं, याला घरी ने आणि पोटभर जेवू घाल. सायंदेव घाबरला. अन्नाने ज्याला मरण येतं त्याला जेवू घालायचं? हा मेला तर ब्रह्महत्या माझ्या माथी! त्याने ती भीती स्वामींना बोलून दाखवली. स्वामींनी धीर दिला, हेच याचं औषध म्हणाले. मग सायंदेवाने दोघांनाही आदराने घरी नेलं, रोग्याला जेवू घातलं, आणि त्याची व्यथा गेली. याच सायंदेवाच्या वंशात पुढे गुरुचरित्रकार सरस्वती गंगाधर झाले.

कुणी म्हणेल, तो तर स्वामींचा चमत्कार. असेल, मी नाही म्हणत नाही. पण सामर्थ्य स्वामींचं असताना काम मात्र त्यांनी एका भेदरलेल्या गृहस्थाकडून करवून घेतलं. ते का, यावर मी बरेच दिवस विचार करतो आहे.

कारण आज आपल्या घराघरांत असा एक जण आहे. त्याचा शूळ पोटात नाही, मनात आहे. डॉक्टर त्याला नैराश्य म्हणतात, चिंतेचा आजार म्हणतात. आपल्या वयाच्या माणसांत तर तो ओळखूही येत नाही. म्हातारं माणूस 'मी उदास आहे' असं कधी म्हणतं का? ते म्हणतं, पहाटे तीनला जाग येते, छातीत धडधडतं, तोंडाला चव नाही, पोट साफ होत नाही, देवपूजेतही मन लागत नाही. कधी विसरायला होतं आणि घरचे समजतात, वयाचा विसराळूपणा सुरू झाला. गीतेचा पहिला अध्याय आठवा. अर्जुनाचा विषादही आधी अंगातच दिसला. हातपाय गळाले, तोंड कोरडं पडलं, गांडीव सुटलं. तो भ्याड होता असं आपण कधी म्हटलं नाही. मग घरच्या माणसाला 'मन घट्ट कर' असं कशाला सुनवायचं?

नात्यातल्या एका वहिनींचं सांगतो. धडधड, घाम, आता मरते की काय अशी भीती. ईसीजी चांगला, टूडी एको चांगली. मग नजर झाली, वास्तूत दोष आहे, असं प्रत्येकाचं वेगळं निदान. पहिल्या डॉक्टरांची गोळी पाच दिवस घेतली, मळमळलं, बंद केली. शेवटी दुसऱ्या मनोविकारतज्ज्ञांनी नीट तासभर ऐकून घेतलं, थायरॉईड आणि बी-१२ तपासायला लावलं. बी-१२ फारच कमी निघालं. त्यावर इंजेक्शनं, शिवाय मनाचं औषध. पहिल्याने फरक पडेना, म्हणून ते बदललं. दुसऱ्याने तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात झोप लागू लागली. भाऊंनी मात्र कमाल केली. शाळेची दोनशे पानी वही आणून रोज लिहायचे, गोळी किती वाजता, झोप किती, जेवण किती. आमच्या खतावणीलाही लाजवेल अशी! डॉक्टर त्या वहीवरून डोस ठरवत. सायंदेवाचं काम म्हणतात ते हेच.

आपली भीतीही सायंदेवाचीच आहे. गोळीने सवय लागेल, डोकं बधिर होईल, माणूस हातचा जाईल. ही भीती डॉक्टरांना स्पष्ट विचारावी. मला जे उत्तर मिळालं ते असं : नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, पहिल्या आठवड्यात त्रासच जास्त जाणवू शकतो. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने तरी त्या चालू ठेवतात आणि हळूहळू कमी करत बंद करतात, एकदम तोडत नाहीत. सवय लागते ती वेगळ्याच गोळीची. अल्प्राझोलमसारखी झोपेची 'अर्धी गोळी' आपल्यातले कितीतरी जण वर्षानुवर्षं घेतात, तिच्याबद्दल कुणी घाबरत नाही! तीच म्हातारपणी तोल घालवते, पाडते. गंमतच आहे.

गोळीबरोबर बोलण्याचे उपचारही असतात. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती आपल्याकडे कि. मो. फडके यांनी रुजवली, डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली ठाण्यात सुरू केलेल्या संस्थेतून ती अनेकांपर्यंत गेली. मनात आपोआप येणारा विचार पकडायचा, तो खरा का ते तपासायचं. आपल्या टाकळीला तप केलेल्या समर्थांचा आवडता शब्द विवेकच होता, त्यामुळे आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही.

अंगात येणं, बाधा, यावर दत्तसंप्रदायात बोलणं अवघड. गाणगापूरला आरतीच्या वेळी खांबांना लटकणारी, किंचाळणारी माणसं आपण पाहिलेली आहेत. श्रद्धेबद्दल मी काही बोलणार नाही. पण बांधून ठेवणं, मारणं हा उपचार नव्हे. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडी इथे साखळदंडाने बांधलेले २८ रुग्ण आगीत जळून गेले, त्यांना पळताही आलं नाही. २०१३ चा आपला जादूटोणाविरोधी कायदा अशा प्रकारांना गुन्हा मानतो, प्रदक्षिणा-पारायणाला तो हातही लावत नाही. याउलट गुजरातेत उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात २००८ पासून 'दवा-दुआ' उपक्रम सुरू झाला. दुआ मागायला आलेल्याला मुजावरच आवारातल्या मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवतात. हे आपल्या देवस्थानांनी करून पाहण्यासारखं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

पैशाचंही सांगतो, बँकेत आयुष्य गेलंय. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपनीने मनाच्या आजारालाही शरीराच्या आजाराप्रमाणेच संरक्षण द्यायचं आहे. पॉलिसीचं नूतनीकरण करताना हे कलम विचारून घ्या. खासगी तपासणी परवडत नसेल तर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, त्र्यंबक रस्त्यावरच्या सिव्हिलमध्ये चौकशी करावी. आणि रात्री-अपरात्री कुणी 'मी भार झालोय' असं बोलू लागलं तर त्याला एकटं सोडू नये. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

राहिला सप्ताह. दरवर्षी कुणीतरी पारायणाला बसताना 'सात दिवस सात्त्विक' म्हणून मनाच्या गोळ्या बंद करतं. तसं करू नये. विशेषतः लिथियम चालू असलेल्यांनी हविष्यान्नासाठी मीठ सोडणं, पाणी कमी पिणं हे धोक्याचं आहे, रक्तातलं औषध त्याने वाढतं. जागरणही अशांना सोसत नाही. संकल्प सोडण्याआधी डॉक्टरांना विचारावं, नेम हलका करावा, पहाटेऐवजी झोप पुरी झाल्यावर बसावं. तेवढंही जमत नसेल तर घरातल्या दुसऱ्याने वाचावं आणि आजाऱ्याने जवळ बसून ऐकावं. गोळीची वेळ वाचनाच्या मध्येच येत असेल तर ती आधीच नैवेद्याच्या ताटाशेजारी काढून ठेवावी, म्हणजे विसरायला होत नाही.

श्रीगुरुदेव दत्त.