कलावंतानें संगणकाची भाषा शिकावी काय?

चित्रकला शिकणाऱ्या मुलानें वा मुलीनें संगणकास आज्ञा लिहून देण्याची विद्या, म्हणजे ज्यास आपण प्रोग्रॅमिंग म्हणतों ती, शिकावी काय, हा प्रश्न आतां मुंबई-पुण्यापुरता राहिलेला नाहीं. जळगांव-धुळ्याच्या घरांतूनहि तो विचारला जातो. घरांत त्यास बहुधा दोन उत्तरें मिळतात. वडील म्हणतात, ‘शिकून ठेव, पोटाला उपयोगीं पडेल.’ कलाप्रेमी मामा म्हणतो, ‘नको, हात आखडेल, कलेचें गणित होऊन बसेल.’ पहिल्या उत्तरांत विद्येची किंमत पगारावरून ठरते, आणि दुसऱ्यांत कला इतकी नाजुक मानली जाते कीं ज्ञानाच्या वाऱ्यानेंच ती कोमेजावी. मूळ प्रश्न नीतीचा आहे, आणि त्याला यांपैकीं एकहि उत्तर स्पर्श करीत नाहीं. जी कृति आपण ‘माझी’ म्हणून लोकांपुढें ठेवतों, ती ज्या द्रव्याची घडली त्याविषयीं आपण कितपत अज्ञानी राहावें?

‘अज्ञानी राहिलें तर बिघडलें कोठें?’ असा आक्षेप कोणी घेईल, आणि त्याच्या पाठीशीं खानदेशांतीलच थोर उदाहरण आहे. जळगांवजवळच्या आसोद्यास 1880 सालीं जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांस लिहितां-वाचतां येत नव्हतें. त्यांच्या मुखांतून निघालेल्या ओव्या घरच्या माणसांनीं टिपून ठेवल्या. 1951 सालीं त्या वारल्या, आणि पुढच्याच वर्षीं त्यांचा संग्रह प्रसिद्ध झाला. अक्षरओळख नसतां जर अशी कविता होऊं शकते, तर संगणकाची भाषा न येतां चित्र कां होऊं नये?

आक्षेप वजनदार आहे; परंतु तो नीट तपासला म्हणजे त्यांतूनच उत्तराची वाट सांपडते. बहिणाबाईंच्या कवितेचें द्रव्य अक्षर नव्हतें. त्यांची बोली, ओवीची लय आणि पेरणीपासून मळणीपर्यंतचा शेतकऱ्याचा संसार हें तें द्रव्य होय, आणि त्याच्या कणाकणाशीं त्यांचा परिचय होता. कागद हें त्या कवितेचें केवळ वाहन. वाहन दुसऱ्यानें हांकलें तरी चालतें; द्रव्याची पारख मात्र उसनी आणतां येत नाहीं. म्हणून कलावंतानें प्रथम स्वतःस विचारावें, संगणक हें माझें वाहन आहे कीं द्रव्य? जलरंगांतील चित्राचें छायाचित्र काढून परगांवीं धाडणें, येथें संगणक वाहन आहे. परंतु पाहणाराच्या हालचालीबरोबर बदलणारें चित्र, किंवा एका नियमांतून हजार तऱ्हांनीं उमलणारी नक्षी, येथें तो नियम हेंच द्रव्य आहे.

यंत्र द्रव्य होतें तेव्हां कलावंत काय करतो, हें दादासाहेब फाळके यांच्या चरित्रांत दिसतें. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत आणि बडोद्याच्या कलाभवनांत शिकलेला हा गृहस्थ 1912 सालीं लंडनला गेला आणि चलच्चित्राची यंत्रसामग्री घेऊन आला. 1913 चा ‘राजा हरिश्चंद्र’ तयार होण्यापूर्वीं त्यांनीं कुंडींत वाटाणा पेरून त्याच्या वाढीचीं चित्रें ठराविक अंतरानें एकेक करून घेतलीं, आणि पडद्यावर अंकुराचा वेल पाहतां पाहतां झाला. यंत्र एकेक चित्र थांबून थांबून घेतें, हें ज्यानें आपल्या हातानें अनुभवलें, त्यालाच काळ असा आवळतां येईल हें सुचलें. चाळीसगांवचे केकी मूस (1912–1989) यांचेंहि तसेंच. इंग्लंडांत चित्रकला शिकून आल्यावर त्यांनीं उर्वरित आयुष्य बहुतेक आपल्या घरांतच काढलें. तेथें टेबलावर लहानसहान वस्तु मांडून आणि प्रकाश योजून त्यांनीं विस्तीर्ण देखाव्यांचा भास देणारीं छायाचित्रें घेतलीं. भिंगाला वस्तूचें खरें मान कळत नाहीं, ही कॅमेऱ्याची उणीव. मूस यांनीं त्या उणिवेचीच कला केली. यंत्र कोठें फसतें हें जाणल्यावांचून हें साधत नाहीं.

आज्ञावली ही वस्तुतः आपल्याला अगदीं परकी नाहीं. ठिपक्यांची रांगोळी घालणारी मुलगी ‘इतके ठिपके, इतक्या ओळी, येथून वळव, चारी बाजूंस तेंच कर’ असा नियमच मनांत धरून असते. तोच नियम यंत्रास कळेल अशा भाषेंत लिहिणें म्हणजे प्रोग्रॅमिंग. 2001 सालीं केसी रीस आणि बेन फ्राय यांनीं ‘प्रोसेसिंग’ नांवाची एक साधनभाषा चित्रकार व संकल्पनकार यांच्यासाठींच सुरू केली, आणि ती विनामूल्य मिळते. आपल्या लिपीचें उदाहरण तर याहून जवळचें. सुलेखनकार र. कृ. जोशी (1936–2008) यांनीं घडविलेला ‘मंगल’ हा देवनागरी टंक विंडोजमधून घरोघर पोंचला. देवनागरींत ऱ्हस्व वेलांटी उच्चारतांना व्यंजनामागून येते, पण काढावी लागते व्यंजनाच्या आधीं. दोन व्यंजनें जुळलीं कीं तिसराच आकार होतो. कोणता आकार केव्हां यावा हा नियमहि अक्षराच्या सौंदर्याचाच भाग झाला. तो ठरवितांना अक्षराची जाण असलेला मनुष्य दूर उभा राहिला, तर आपल्या लिपीचें रूप तिची ओळख नसलेले लोक ठरवितील.

या विद्येंत एक शिस्तहि आहे. संगणकापुढें संदिग्ध बोलून भागत नाहीं. ‘थोडेंसें नाजुक कर’ असें म्हटल्यानें कांहीं घडत नाहीं; नाजुक म्हणजे किती, कोठें आणि कां, हें सांगावें लागतें. परंतु मामाची भीति अगदींच खोटी म्हणतां येत नाहीं. जें मोजतां येतें तेवढेंच खरें, अशी संवय मनाला जडली तर कलावंताचा कारकून व्हावयास वेळ लागणार नाहीं. रेषा नियमाप्रमाणें आली किंवा नाहीं हें यंत्र सांगेल. ती सुंदर आहे काय, हें त्याला ठाऊक नाहीं. तो निर्णय मनुष्याकडेच राहतो, आणि तो करणारी नजर कागद, माती, रंग यांच्याच सहवासांत तयार होते. म्हणून हात अगोदर, आज्ञावली मागाहून, हाच क्रम योग्य दिसतो.

आतां अगदीं आजचा आक्षेप. साध्या बोलींत सांगितलें तरी यंत्र स्वतःच आज्ञावली लिहून देतें. मग शिकण्याचे कष्ट कशाला? याचें उत्तर आमच्या इतिहासांत आहे. 1875 सालीं पुणें व नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनीं सावकारांच्या घरांतून कर्जखतें ओढून काढून जाळलीं. त्या संतापाच्या मुळाशीं व्याज होतें तसें अज्ञानहि होतें. खतांत काय लिहिलें आहे हें न वाचतांच कुळानें अंगठा उठविलेला असे. जो कलावंत आपल्या नांवाच्या कृतींतील आज्ञांची एकहि ओळ वाचूं शकत नाहीं, तोहि अंगठाच उठवितो. लिहून दुसऱ्यानें दिलें तरी हरकत नाहीं. परंतु वाचतां आलें पाहिजे, खोडतां आलें पाहिजे, आणि ‘हें माझें नव्हे’ असें म्हणतां आलें पाहिजे.

तेव्हां सर्वच कलावंतांनीं ही भाषा शिकावी असा आग्रह आम्ही धरीत नाहीं. ज्याचें द्रव्य रंग किंवा माती आहे त्यानें रंगांत आणि मातींतच पारंगत व्हावें, आणि संगणक वाहनापुरता ठेवावा. ज्याच्या कृतीच्या गाभ्यांत नियम शिरला आहे, त्याला मात्र ही सूट नाहीं. घरांतील वडील माणसांनींहि मुलास ‘याचे पैसे किती मिळतील?’ असें विचारण्याआधीं, ‘तुझें द्रव्य कोणतें?’ असें विचारावें. त्या प्रश्नाचें खरें उत्तर ज्या मुलास देतां येईल, त्यास काय शिकावें आणि काय सोडावें हें दुसऱ्यानें सांगण्याची फारशी गरज पडणार नाहीं.